खेळणार कुणासंगं?

कराडच्या स्टँडमागं गेमचे कन्सोल विकणारा तो दुकानदार खोकं उघडण्याआधी प्रत्येकाला विचारतो, "खेळणार कुणासंगं?"

"धाकट्या भावाबरोबर. तो चंद्रपूरला, घरी असतो."

"त्याच्याकडं कुठला हाय? पांढरा का काळा? दोन्हींचे समदे गेम जुळत न्हाईत."

मला माहीत नव्हतं. शाळा सोडून, घरी न सांगता इकडं निघून आलो, तेव्हापासून भावाशी बोललोच नव्हतो.

त्यानं दोन्ही खोकी परत फळीवर ठेवली. "आधी इचार गड्या. त्याबिगर मी देत न्हाई." मी फोन काढला नाही, तसा त्यानं स्वतःचा पुढं केला. नंबर मला पाठ होता.

मी रंग विचारला, तसा स्पीकरवर भाऊ म्हणाला, "काळा." मग, "दादा, आजच खेळायचं?"

मी उत्तर देईपर्यंत दुकानदारानं काळं खोकं पुसून काउंटरवर ठेवलं होतं.