साडूंची शास्त्रशुद्ध काळजी

काळजी सगळेच करतात, पण आमच्या साडूंसारखी शास्त्रशुद्ध काळजी करणारा दुसरा माणूस वाईपासून सांगलीपर्यंत कृष्णेच्या दोन्ही काठांना शोधून सापडायचा नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. विश्रामबागेत राहतात आणि इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतात. काय शिकवतात हे कळायला मला सहा-सात वर्षं लागली, कारण विचारलं की ते समजावून सांगायला बसायचे आणि मी उठायला निमित्त शोधायचो. थोडक्यात सांगायचं तर, जी गोष्ट अजून घडलेलीच नाही ती ते संगणकात आधी घडवून बघतात. पूल बांधायच्या आधी पाडून बघायचा, गाडी तयार व्हायच्या आधी ठोकून बघायची, असा तो प्रकार. त्याला ते मॉडेल म्हणतात. एकदा घडवून त्यांचं समाधान होत नाही, म्हणून तीच गोष्ट हजार वेळा घडवतात, दर वेळी थोडी बदलून. कामापुरतं हे ठीक आहे, पण हा माणूस घरी येताना डोकं कॉलेजात ठेवून येत नाही. मुलीला क्लासवरून यायला पाच मिनिटं उशीर झाला की चारचौघांसारखा बाप गॅलरीत येरझाऱ्या घालतो. आमचे साडू खुर्चीत अगदी शांत बसलेले असतात, आणि त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं की कळतं, आत ती मुलगी शंभर वेगवेगळ्या रस्त्यांनी उशिरा येते आहे.

माझं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा ते सांगलीहून मुद्दाम साताऱ्याला भेटायला आले. एका हातात मोसंब्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात कागदांची चळत. "तुमचं वय, वजन, साखर, सगळं धरून चालवून बघितलं," खुर्ची ओढून घेत ते म्हणाले. "अजिबात घाबरू नका. जवळजवळ सगळ्या वेळा तुम्हाला काही होत नाही." मला धीर दिल्याच्या समाधानात ते परत गेले आणि मी ऑपरेशनपर्यंतचे तीन दिवस त्या 'जवळजवळ'कडे बघत काढले. डॉक्टर म्हणाले, काही होत नाही हो, तर मी विचारलं, पूर्ण की जवळजवळ? डॉक्टरांनी माझ्या बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "आमच्या भाऊजींची भेट झालीय त्यांना."

माझ्या मुलीच्या लग्नात पत्रिका वाटायचं काम त्यांनी आपण होऊन अंगावर घेतलं. आमची भावकी फलटणपासून उंब्रजपर्यंत विखुरलेली. शे-सव्वाशे घरं, आणि ती करायला आम्हाला दर लग्नात पाच-सहा दिवस लागायचे. साडूंनी सगळी घरं संगणकात घातली आणि सर्वांत कमी फिरावं लागेल असा रस्ता शोधला. दोन दिवसांत काम फत्ते. फक्त संगणकाला पहिली पत्रिका ग्रामदैवताला आणि दुसरी थोरल्या चुलत्यांना द्यायची असते हे ठाऊक नव्हतं. देवळाचा नंबर परतीच्या वाटेवर शेवटून तिसरा लागला, आणि उंब्रजला हायवेला लागून घर असलेल्या धाकट्या चुलत्यांची पत्रिका थोरल्यांच्या आधी पोचली. थोरल्यांनी पत्रिका हातातसुद्धा घेतली नाही. "आदी धाकल्याच्या दारात गाडी हुबी ऱ्हायली, ते बगितलं आमी. आता आमाला कशाला?" साडूंनी तिथंच मोबाईलवर नकाशा उघडून त्यांना दाखवलं, की आधी तुमच्याकडे आलो असतो तर नऊ किलोमीटर जास्त पडले असते. "म्हंजी आमचं थोरलंपन नऊ किलोमीटरचं बी न्हाई व्हय?" चुलते म्हणाले आणि आत निघून गेले. पुढे मला नारळ, टोपी, उपरणं घेऊन जाऊन त्यांची समजूत काढावी लागली. त्या दिवशी गाडीत बसल्यावर साडूंनी मोबाईलवरचा नकाशा बंद केला. मग हळूच म्हणाले, "मानापमान मी मॉडेलमध्ये घेतलाच नव्हता." पुढच्या आठवड्यात त्यांनी माझ्याकडून सगळ्या भावकीची यादी मागवली, प्रत्येकाच्या नावापुढं रुसण्याची शक्यता लिहून.

हसायला येतं, पण या काळजीच्या मुळाशी काय आहे हे मला माहीत आहे. साडूंचे वडील ते लहान असतानाच गेले. लग्नानंतर त्यांनी आमच्या सासऱ्यांवर जो जीव लावला, तो मी थोरला जावई असून लावला नाही, हे कबूल करायला हवं. सासरे, म्हणजे आमचे मामा, फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले. सांगलीपासून तासाभराच्या आतल्या एका गावात, नदीच्या अंगाला, मळ्यात घर बांधून राहतात. शेजारी वस्तीवर आणखी सहा घरं. पावसाळ्यात कृष्णा फुगली की साडूंचं जेवण कमी व्हायचं. अखेर त्यांनी कोणी सांगितलेलं नसताना, स्वतःच्या सुट्ट्या घालवून, नदीच्या पुराचं मॉडेल करायला घेतलं. वर किती पाऊस पडला, धरणातून किती सोडलं, की पाणी कुठवर येईल, हे आधी कळावं म्हणून. कॉलेजात सांगताना ते संशोधन म्हणायचे. खरं म्हणजे ते सगळं मामांच्या घरासाठी होतं.

त्यात माझीही वर्णी लागली. नदीचं पाणी आधी आमच्याकडे पडतं आणि मग त्यांच्याकडे जातं, हा भूगोल मी तीस वर्षं पोरांना शिकवला, पण त्यात माझ्यावर काही जबाबदारी येते हे मला साडूंनी पटवलं. त्यांच्या हुकमावरून आमच्या गच्चीवर एक सरळ कडांचा स्टीलचा डबा ठेवला गेला. रोज सकाळी आठाला त्यात फूटपट्टी बुडवायची आणि पाऊस किती झाला ते फोनवर सांगायचं. भर पावसात गच्चीवर जायचा कंटाळा येऊन मी एक-दोनदा अंदाजानं सांगितलं. तिसऱ्या वेळी पलीकडून थंड आवाज आला, "आठवड्यात तिसऱ्यांदा बरोबर चाळीस मिलिमीटर? भाऊसाहेब, तुम्ही गच्चीवर गेला होता का?" त्यानंतर मी छत्री घेऊन जायला लागलो.

आणि मग तो पावसाळा आला. आठ दिवस आभाळ उघडलं नाही. माझा डबा काही वेळा दुपारीच ओतून पुन्हा ठेवावा लागायचा, आणि आकडा सांगताना माझाही आवाज बारीक व्हायला लागला. धरणांची दारं उघडल्याची बातमी आली. मामांच्या गावात लाऊडस्पीकर लावून गाडी फिरली, की नदीकाठच्या लोकांनी घरं सोडावीत. मामा हलले नाहीत. हलायचं कारणच नव्हतं, कारण आदल्या दिवशी साडूंनी त्यांना सांगितलं होतं, की मॉडेल म्हणतंय पाणी घराला शिवत नाही. मामांनी ते वस्तीवरच्या बाकी सहाही घरांना सांगितलं. आमचं धाकलं जावई प्रोफेसर हायत, त्येनी कंप्युटरवर बगितलंय, पानी येत न्हाई. सातही घरं आपापल्या जागी बसून राहिली.

सकाळी अकराच्या सुमाराला साडूंनी मला आणि मामांना एकत्र व्हिडिओ कॉल लावला. सांगण्यासारखं नवीन काहीच नव्हतं. मॉडेलची नवी आवृत्ती झाली होती, नकाशात रंग सुरेख आले होते आणि त्यांना ते दाखवायचे होते, बस्स. पडद्यावर निळं पाणी पसरत आलं, मामांच्या घराजवळ आलं आणि वळसा घालून गेलं. "बघा मामा," साडू शिक्षकासारखे सांगत होते, "तुमच्या घरासमोर नदीच्या बाजूला जमीन चांगली दहा फूट उंच आहे. पाणी तिथं अडतं."

"उंच?" मामांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला. आम्हाला त्यांची एक भुवई तेवढी दिसायला लागली. "कंच्या अंगाला?"

"हे बघा. घराच्या खालच्या बाजूचा हा पूर्ण पट्टा."

"आवं जावईबापू, तितं उंच कुटलं? उलट खालती हाय ती जमीन. तितं माजा ऊस हाय. ऊस उंच हाय, लय उंच. हात वर केला तरी शेंडा घावत न्हाई."

मला वाटलं साडूंचं नेटवर्क गेलं. चेहरा तसाच थिजलेला, तोंड अर्धवट उघडं. जमिनीची उंची त्यांनी उपग्रहाच्या नकाशावरून घेतली होती हे मला नंतर कळलं. उपग्रह बघतो वरून. त्याला शेतात उभ्या उसाचे शेंडे दिसले आणि त्यानं तीच जमीन म्हणून लिहून टाकली. जगातल्या दुसऱ्या कुठल्या नदीकाठी ही चूक चालून गेलीही असती. आमच्याकडे नदी आणि घर यांच्यामध्ये ऊसच असतो.

"मामा, निघा," साडू म्हणाले.

"आता तर म्हनला ऱ्हावा."

"चुकलो मी. फार मोठं चुकलो. मामींना घ्या, जनावरांची दावी सोडा आणि निघा. मी येतोय."

कॉल तसाच चालू राहिला. पडद्यावर मला त्यांची रिकामी खुर्ची दिसत होती. कोपऱ्यावर दूध आणायला जातानाही आभाळ, छत्री आणि रस्ता यांचा तीनदा विचार करणारा हा माणूस पायात घरातल्या सपाता घालून, अंगावरच्या कपड्यांनिशी गाडी घेऊन पुराकडे निघाला होता. पुढचे चार तास आम्ही साताऱ्यात काय केलं ते मला सांगता येणार नाही. बायको देवापुढं बसली होती. मी फोन लावत होतो आणि तो लागत नव्हता. माझ्यासारख्या बिनधास्त म्हणवणाऱ्या माणसाला त्या दिवशी जी काळजी लागली, ती साडू रोज सोबत घेऊन हिंडतात की काय, असं मला पहिल्यांदाच वाटलं.

तिथं काय झालं ते नंतर मामींकडून कळलं. साडू पोचले तेव्हा उसाच्या सऱ्यांतून पाणी यायला लागलं होतं. मामा-मामी निघायच्या तयारीत होते, पण बाकीची सहा घरं हलायला तयार नव्हती. मामांनी एकदा पाणी येत नाही म्हणून सांगितलं होतं, आता येतं म्हणून कोण ऐकणार? मग साडू गुडघाभर चिखलातून प्रत्येक दारात गेले. सपाता कुठं रुतल्या ते त्यांनाही कळलं नाही. दारात उभं राहून हात जोडायचे आणि म्हणायचे, "पाणी येणार नाही असं मी सांगितलं होतं. ते माझं चुकलं. कृपा करून निघा." एका घरी पोरं ट्रॅक्टर काढायला टंगळमंगळ करत होती. त्यांची म्हातारी आतून ओरडली, "आरं उटा की रं! येवढा शिकलेला मानूस दारात येऊन चुकलो म्हनतोय, म्हंजी लय वाईट हाय!" तासाभरात वस्ती रिकामी झाली. संध्याकाळपर्यंत घरांच्या खिडक्या बुडाल्या आणि त्याच्याही पुढं पाणी चढत राहिलं. उसाचे शेंडेसुद्धा दिसेनासे झाले. माणसं सगळी वाचली. जनावरंही.

पाणी ओसरल्यावर मामा आणि साडू दोघं मिळून शेत मोजायला लागले. साडू दुर्बिणीला डोळा लावून बसायचे आणि मामा आकड्यांची उंच पट्टी धरून बांधावर सावधानमध्ये उभे राहायचे, 'बस' म्हटल्याशिवाय हलायचे नाहीत. पावला-पावलानं सगळी वस्ती मोजून झाली. मॉडेल दुरुस्त झालं. आता ते बरंच खरं बोलतं म्हणतात. साडू मात्र दुरुस्त झाले नाहीत. मी एकदा मामांना विचारलं, लाऊडस्पीकरचं ऐकलं नाहीत, मग त्यांच्या एका शब्दावर कसे उठलात? मामा म्हणाले, "फौजेत लय साब लोक बगितलं. चुकलेलं बी लय बगितलं. पर मी चुकलो म्हननारा ह्यो पयलाच. त्येंचा आवाज हालत व्हता वो. म्या म्हनलं, आता इचारत बसायचं न्हाई." मी हे साडूंना मुद्दाम सांगितलं, बरं वाटेल म्हणून. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण त्या दिवशी मी रंग दाखवायला फोन केला नसता तर?"

हजार वेळा चालवून बघणारा हा माणूस ही एक गोष्ट संगणकात कधी घालणार नाही, पण ती त्यांच्या डोक्यात थांबत नाही. फोन केला नाही, मामा ओसरीवर बसून राहिले, पाणी सऱ्यांतून येतंय. जोराच्या पावसात गाडी चालवताना ते अचानक बाजूला घेऊन थांबतात, असं मेव्हणी सांगते.

आता पावसाळ्याचे दोन महिने मामा-मामी आमच्याकडे साताऱ्याला असतात. सर पडायला लागली की फोन येतो. हल्ली साडू पाऊस किती झाला हे आधी विचारत नाहीत. "मामा कुठं आहेत?" विचारतात. मी सांगतो, अहो हे काय समोर, पेपर वाचताहेत. "जरा देता त्यांना?" मी फोन देतो. मामा चष्मा कपाळावर सरकवतात आणि मोठ्यानं, लांबच्या माणसाला हाक घालावी तसं बोलतात. "व्हय. हाय मी. हितंच हाय." पलीकडून काहीच ऐकू येत नाही. मामा वाट बघतात आणि मग जरा हळू आवाजात पुन्हा म्हणतात, "आवं, हाय मी."