मैदानावरचा खानदेश

नव्वदच्या आसपास मी धुळ्याहून रावेरजवळच्या एका शाळेत इतिहास-भूगोल शिकवायला आले. सातवीच्या वर्गात एकच नकाशा होता, दक्षिणेच्या भिंतीवर टांगलेला. कडा फाटलेल्या, पण नद्या शाबूत.

पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, "सुरत कुठे आहे? हात करून दाखवा."

अर्ध्या वर्गाने नकाशा बघून डावीकडे हात केला. उरलेल्या अर्ध्यांनी बरोबर उलट्या बाजूला. आणि मग जे भांडण सुरू झालं!

"नकाशात डावीकडेच तर आहे!"

"अरे, तिकडे बुऱ्हाणपूर! आम्ही सुरतेला जातो तेव्हा सावदा लागतं, मग भुसावळला गाडी बदलतो. सावदा इकडे आहे!" केळीच्या वखारीवाल्याची मुलगी बाकावर उभी राहून ओरडली.

दोन्ही बाजू बरोबर होत्या. नकाशात सुरत डावीकडेच, पण दक्षिणेकडे तोंड करून बसल्यावर डावा हात पूर्वेलाच जाणार. मी नकाशा उतरवला, जमिनीवर अंथरला आणि त्याची उत्तर सातपुड्याकडे केली. सगळे भोवती उकिडवे बसले. सुरत आता सावद्याच्याच बाजूला होती.

पण चाळीस डोकी एका नकाशावर वाकणार कशी? म्हणून मैदानावरच खानदेश मांडायचं ठरलं. हेडमास्तरांनी परवानगी दिली, "कबड्डीचं मैदान सोडून" या अटीवर. चुन्याच्या फक्कीने सीमा आखल्या. उत्तरेला मातीचा सातपुडा, त्यावर केळीच्या वाळक्या पानांचं जंगल. असीरगडाला एक वीट. मधोमध खणलेली तापी.

बादलीभर पाणी ओतलं आणि तापी निघाली थेट बुऱ्हाणपूरकडे! मैदानाचा उतारच पूर्वेला. हेडमास्तर पोट धरून हसले. "बाई, तुमची नदी माहेरी चालली!" मग पूर्वेला टोपल्या टोपल्या माती टाकून भर घातली. तिसऱ्या दिवशी पाणी खळखळत सुरतेला पोचलं, तेव्हा पोरांनी अशा आरोळ्या ठोकल्या की शेजारच्या वर्गाचं गणित बंद पडलं.

इतिहासाच्या तासाला त्याच नकाशावर बुऱ्हाणपूरचं कापड सुरतेच्या बंदराकडे निघालं. व्यापारी व्हायला कुणी तयार नव्हतं, सगळ्यांना बैल व्हायचं होतं. शेवटी एकच व्यापारी आणि बाकी सगळे बैल असा तांडा चालला. वाटेत मुक्काम कुठे, पाणी कुठे, तापी कुठे ओलांडायची, याची चर्चा बैलांनीच केली.

एका शनिवारी आम्ही पालकांना हे बघायला बोलावलं. तांडा सुरतेला पोचला, टाळ्या झाल्या. मग त्या वखारीवाल्याच्या मुलीची आई हळूच माझ्याजवळ आली. तिने माझी धुळ्याकडची बोली ओळखली असावी.

"बाई, मन्हं माहेर यामा कोठे शे?"

तिचं माहेर धुळ्याच्या पलीकडे, नेरजवळ, पांझरा नदीच्या काठी. मी नदीची सरळ रेघ ओढून काठावर फक्कीचा ठिपका दिला. ती चपला काढून सीमेच्या आत आली आणि त्या ठिपक्यावर उभी राहिली. लेक रावेरवर उभी होती. आईने तिच्याकडे बघितलं, मधली पावलं डोळ्यांनीच मोजल्यासारखं केलं आणि नवऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "इतलं जवळ शे! आणि तुना बाप म्हणस, लई दूर शे!"

सगळं मैदान हसलं. तो बिचारा टोपी सारखी करत म्हणाला, "जाऊ ना दिवाळीत. नाही कोण म्हणतंय?"

आणि खरंच गेले. बरीच वर्षं राहून गेलेलं जाणं होतं ते. सुटीनंतर शाळा उघडली, तर मुलगी वर्गात न येता थेट मैदानावर.

"बाई, मामाच्या गावापाशी पांझरेला मोठं वळण आहे. तुम्ही ती सरळच काढली."

"मग कर दुरुस्त," मी म्हटलं.

तिने बसून नीट वळण काढलं, काठावर मामाचं घर आणि बाजूला विहीर. ते बघून दुसऱ्याला यावल तालुक्यातला मामा आठवला, तिसरीला चोपड्याचा. आठवड्याभरात आमच्या खानदेशात तालुक्याच्या गावांपेक्षा मामांची गावं जास्त झाली. ती पुसायला सांगायचं माझ्या मनात एकदाही आलं नाही.