गफूरचाचांचा न धुतलेला रुमाल

आमच्या संग्रहालयात, बाजाराच्या दालनात, एक मळका रुमाल ठेवलेला आहे. त्याच्यावरचा मळ त्या रुमालाचा नाही. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. अर्धी गोष्ट माझ्या बायकोला माहीत आहे, अर्धी एका बैलांच्या दलालाला. दोन्ही अर्ध्या जोडलेल्या फक्त माझ्याकडं आहेत, आणि पन्नाशी उलटल्यावर असलं काही पोटात ठेवणं जड जातं.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी क्युरेटर आहे. क्युरेटर म्हणजे संग्रहालयातल्या वस्तू सांभाळणारा. आमच्याकडं तोच तिकीट फाडतो, तोच पंखे बंद करतो आणि शाळेची सहल आली की पोरांना जात्यावर बसू नका म्हणून ओरडतो. इमारत जुन्या करोडगिरी नाक्याची. निजामाच्या राज्यात मालावरची जकात इथं घेत असत. सोन्याचा मुकुट वगैरे आमच्याकडं काही नाही. अडत्याचे काटे, धान्य मोजायच्या पायल्या, लग्नात भाड्यानं द्यायच्या गॅसबत्त्या, सरकीची पोती शिवायचे दाभण. गाव कसं जगलं ते यातूनच कळतं, असं मी पाहुण्यांना सांगतो. पाहुणे मान डोलावतात आणि बाथरूम कुठंय विचारतात.

रुमाल गफूरचाचांचा. वालूरचे. सगळा जन्म बैलबाजारात दलाली केली. बैलाचा सौदा तोंडानं होत नाही, हे शहरातल्या वाचकांना सांगायला पाहिजे. दलाल गिऱ्हाइकाचा हात धरतो आणि वर रुमाल टाकतो. एक बोट दाबलं की एक, दोन दाबली की दोन, सगळा पंजा धरला की पाच. शंभर की हजार ते बैलाकडं बघून दोघांनाही कळतं. भाव मान्य असेल तर हात तसाच ठेवायचा. नसेल तर काढून घ्यायचा. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला पत्ता लागत नाही.

चाचांचे डोळे काचबिंदूनं गेले आणि बाजार सुटला. एक दिवस सुनेचा हात धरून ते आमच्याकडं आले आणि खिशातून रुमाल काढून टेबलावर ठेवला. विडी, घाम, बैल, कडबा, सगळ्याचा मिळून एक वास खोलीत पसरला. सूनबाई दोन पावलं मागं सरकल्या.

"हिच्यापासून वाचवायला आणलाय," चाचा म्हणाले. "लय दिवस झाले टपून बसलीय. एकदा भिजवते म्हणती."

"अब्बा, घरात वास मारायलाय तो."

"त्यालाच तर बाजार म्हणतेत." मग माझ्याकडं तोंड करून म्हणाले, "साहेब, डोळे गेल्यापासून मी बाजार नाकानंच बघतो. तुमच्याकडं ठेवा. पर धुवायचा न्हाई. जबान द्या."

मी जबान दिली. त्यात अवघड काही नव्हतंच. कन्झर्वेशनच्या ट्रेनिंगमध्ये पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं: वस्तू आली की तिला काही करू नका. मळ हासुद्धा वस्तूचा भाग असतो. मी रुमालाला एक्सेशन नंबर दिला, म्हणजे वस्तूचा जन्मदाखला केला, आणि लेबल लिहिलं: 'बैलाच्या सौद्याचा रुमाल. मूळ स्थितीत.'

पुढं ग्रँटसाठी इन्स्पेक्शन आलं. आमच्या ट्रस्टचे अध्यक्ष म्हणजे रिटायर्ड हेडमास्तर. ते आदल्या आठवड्यात पाहणीला आले, शोकेस उघडायला लावली आणि नाकाला हात लावला.

"हे पोतेरं कशाला ठेवलंय?"

"सर, तो सौद्याचा रुमाल आहे."

"असू द्या की. पण मोठे साहेब येणारेत. त्यांच्या नाकाचा विचार कराल का न्हाई?"

धुवा असं ते म्हणाले नाहीत. हे मला लिहायलाच पाहिजे, कारण मनातल्या मनात मी ही गोष्ट सांगताना नेहमी त्यांच्यावर ढकलत आलोय. खरं असं की मलाच त्या रुमालाची लाज वाटायला लागली होती. साहेब म्हणतील, ह्यांना साधी स्वच्छता जमत नाही. रविवारी मी रुमाल घरी नेला आणि बादलीत भिजवला.

बायको म्हणाली, "आज काय झालं? स्वतःचे रुमाल कधी धुतले नाहीत."

"ऑफिसचं फडकं आहे," मी म्हणालो.

पाणी बिनदुधाच्या चहासारखं झालं. मी ते जास्वंदीला घातलं. रुमाल वाळला तेव्हा त्याला बारीक निळी चौकट असल्याचं दिसलं. इतक्या वर्षांत ती चाचांनीसुद्धा पाहिली नसेल. वास निळ्या पावडरीचा.

इन्स्पेक्शनला साहेब आले, बाहेर खुर्चीवर बसून पोहे खाल्ले, छताची गळती विचारली आणि गेले. बाजाराच्या दालनात त्यांनी पाऊलसुद्धा टाकलं नाही.

नंतर सूनबाईंचा फोन आला. "सर, अब्बा शुक्रवारी येतो म्हणायलेत. रुमाल हातात घ्यायचाय त्यांना."

या राहिलेल्या दिवसांत मी जे केलं ते कुठल्याही ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत. रुमाल चहात बुडवला. नाटकातल्या भिकाऱ्याचा वाटायला लागला. माती चोळली, तर कुंभाराचा झाला. वास तर कशानंच येईना. शेवटी बाजाराच्या दिवशी रजा टाकली आणि रुमाल घेऊन बैलबाजार गाठला. तिथं ज्ञानोबा म्हणून एक दलाल ओळखीचा होता. त्याला म्हणालो, दिवसभर हा वापर आणि संध्याकाळी परत दे.

ज्ञानोबानं रुमाल उलटापालटा केला. "म्हंजे मळवून पाहिजे?"

"हां."

"सर, लोक मळलेला धुवायला देतेत. तुमी धुतलेला मळवायला आणलाव."

"संग्रहालयाचं काम आहे."

"सरकारी हाय व्हय? मग बराबर हाय," तो म्हणाला आणि रुमाल खांद्यावर टाकून गर्दीत शिरला.

दिवसभर मी त्याच्या मागं फिरलो. रुमालाखाली हात गेले, आले. एका गोऱ्ह्यानं त्याला तोंड पुसलं. ज्ञानोबानं भजी खाऊन बोटं पुसली, कपाळ पुसलं, तंबाखू मळून हात झटकले. संध्याकाळी रुमाल माझ्या हातात देताना म्हणाला, "घ्या. आता आई बी वळखायची न्हाई." मी वास घेतला आणि मला बरं वाटलं. किती दिवसांनी बरं वाटलं म्हणून सांगू.

शुक्रवारी चाचा आले. अध्यक्ष मुद्दाम हजर, दोन शिक्षक, काही पोरं. मी रुमाल त्यांच्या हातात दिला. त्यांनी नाकाशी धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग हसले.

"बाजार जोरात हाय," म्हणाले.

पोरांनी सौदा कसा करतात म्हणून विचारलं. चाचांनी माझा हात धरला, वर रुमाल टाकला आणि पोरांना सांगायला लागले: हे असं, मग असं. त्यांची बोटं कडक होती, पण पकड हलकी. मग एकदम थांबून, रुमालाखाली माझा पंजा तसाच धरून, त्यांनी विचारलं, "साहेब, धुतला न्हाई ना?"

मी तोंड उघडायच्या आत अध्यक्ष म्हणाले, "छे, छे. बोटसुद्धा लावलेलं नाही कुणी."

चाचांनी त्यांच्याकडं तोंडही वळवलं नाही. ते माझ्या हाताची वाट बघत होते. हात काढून घेतला असता तर सगळं कळलं असतं, आणि त्या खोलीत दुसऱ्या कुणाला काही कळलंही नसतं. त्याच्यासाठीच तर रुमाल असतो. मी हात काढला नाही.

"बस," चाचा म्हणाले. "पक्कं."

पोरांनी विचारलं, बैल कितीला गेला? चाचा म्हणाले, "उघड करत नसतेत, बेटा."

पुढं जे झालं ते चांगलंच झालं, आणि तीच पंचाईत आहे. चाचांनी बाजारातल्या जुन्या लोकांना सांगितलं की संग्रहालयाची माणसं जबानची पक्की आहेत. त्यांच्या शब्दावर लोक वस्तू घेऊन यायला लागले. कुणी बैलाच्या झुली आणल्या, कुणी आजोबाचा घुंगरमाळांचा पेटारा, कुणी शिंगं रंगवायचे ब्रश. आमचं दालन भरलं ते त्या एका होकारावर. मध्ये विद्यापीठाचा एक विद्यार्थी येऊन गेला. रुमालावरच्या पिवळ्या डागाबद्दल त्यानं लिहिलं की हा बैलाला लावलेल्या हळदीचा असावा. तो भज्याचा आहे. मी त्याला चहा पाजला आणि गप्प बसलो.

या धंद्यात येणाऱ्या नव्या पोरांना मी आता एकच सांगतो. वस्तूला वास येत असेल तर खिडकी उघडा. ते लिहून घेतात. का, ते कुणी विचारत नाही.

लेबलावर अजून 'मूळ स्थितीत' असंच आहे. ते मला बदलायचं आहे, पण त्याच्या आधी वालूरला जायचं आहे. चाचा आता घराबाहेर पडत नाहीत. हे छापून आलं तरी त्यांना वाचता येणार नाही, आणि सुनेनं वाचून दाखवावं असं मला वाटत नाही, म्हणून नुसतं लिहून माझी सुटका नाही. रुमाल मी धुतला, हे एक वाक्य मी गफूरचाचांना माझ्या तोंडानं सांगणं लागतो. ते अजून सांगितलेलं नाही.