दोन उपाशी बायका आणि एक पातेलं

माझ्या जिभेला हाड नाही, असं माझी मुलगी म्हणते. गेल्या रमझानात इथे अमेरिकेत, चँडलरमध्ये, याच जिभेला नोकरी लागली.

शेजारच्या घरात मोम्बासाच्या किनाऱ्यावरून आलेली एक म्हातारी मुलगा-सुनेकडे राहते. घरातले तिला बीबी म्हणतात, म्हणजे आजी. मीही तेच म्हणते, वयात फारसं अंतर नसलं तरी. रमझानात दर शनिवारी तिच्याकडची माणसं रोजा सोडायला मशिदीच्या हॉलमध्ये जमतात. हा हॉल म्हणजे पूर्वीचं गालिच्यांचं दुकान. टॅक्सीवाले, नर्सा, चिपच्या कंपनीतले इंजिनियर, सगळे येतात, आणि त्यांच्यासाठी बीबी नारळाच्या दुधात तुरीचे दाणे शिजवते. सोबत महमरी, म्हणजे वेलची घातलेल्या टम्म फुगलेल्या पुऱ्या.

तिला पहिल्यांदा नारळ खवताना पाहिलं तेव्हा मी तोंडात बोटच घातलं. बसायला बुटका लाकडी पाट, पुढे दातेरी पातं. आमच्या कोकणातल्या खवणीची सख्खी बहीण! मध्ये अख्खा समुद्र, तरी मनगट वळवायची ढब तीच. मला काय वाटलं ते धड सांगता येणार नाही. हात जोडावेसे वाटले, एवढं खरं.

रोजा असताना स्वयंपाक करणारी चव कशी बघते, हे मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "वासावर." मग दार लोटून घेतलं आणि इंग्रजीत सिनेमातली हिंदी मिसळत हळूच सांगितलं, की मागच्या वर्षीच्या आजारात तिला वास येईनासा झाला, आणि वासाबरोबर चवही गेली. घरात कुणाला पत्ता नव्हता. "सुनेला कळलं तर ती प्रेमानंच हातातला डाव काढून घेईल. म्हणेल, बीबी, आता आराम करा. मग मी या देशात करू काय?"

हे मला समजावून सांगायची गरज नव्हती. तेव्हापासून दर शनिवारी दुपारी मी तिच्या ओट्यापाशी उभी राहायची आणि चव बघून सांगायची.

एका शनिवारी तिनं चमचा पुढे केला आणि मी हात मागे घेतला. संकष्टी! माझा उपास, आणि तो नेमका चव बघायच्या शनिवारी. सकाळी साबुदाणा भिजवताना सुद्धा हा घोळ लक्षात आला नाही. मुलीला फोन केला तर ती म्हणाली, "आई, कॅन्सल कर ना. नेक्स्ट मंथ डबल कर."

"बीबी, एक थेंब घेते. माझा देव समजून घेईल," मी म्हटलं.

तिनं चमचा काढून घेतला. "माझ्यासाठी मोडायचा नाही. ज्याच्यासाठी धरलास, त्याला काय सांगशील?"

पातेलं रटरटत होतं आणि समोर दोन उपाशी बायका. तिनं डोळे मिटले. तळहातावर मीठ घेतलं, हात जरा वरखाली केला, चिमूटभर परत डब्यात टाकलं आणि उरलेलं पातेल्यात सोडलं. एक दाणा बोटांत चिरडून पाहिला. मग मान वाकवून उकळीचा आवाज ऐकत राहिली. मी जन्मभर दहा वेळा चाखून आमटी करते, तरी कधी अळणी, कधी खारट. हिला ना नाक, ना जीभ, आणि तरी हात कुठे अडला नाही.

संध्याकाळी हॉलमध्ये अजान झाली. खजूर फिरले. चादरींवर मोठाली ताटं मांडली आणि एकेका ताटाभोवती चार-पाचजण बसले. सगळे छान छान म्हणत होते. बीबीचा चेहरा मात्र उतरलेलाच. माझ्या कानाशी लागून ती म्हणाली, "हे लोक मी दगड वाढले तरी छानच म्हणतील."

तिनं स्वतः खजूर आणि पाण्यावर रोजा सोडला, पण दाण्यांना हात लावला नाही. सून आग्रह करून थकली. शेवटी माझ्याकडे बोट दाखवून बीबीनं सांगितलं, "हिचा चंद्र उगवायचाय. आमचं ताट एक आहे."

दिवसभराची उपाशी बाई माझ्या चतुर्थीसाठी थांबली होती.

तिच्या मुलानं आमच्यासाठी पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून दिल्या. टायरच्या दुकानावर चंद्र आला. मी नमस्कार केला, महमरीचा तुकडा मोडला, गार झालेल्या दाण्यांत बुडवून तोंडात टाकला. ती माझ्या तोंडाकडेच बघत होती.

"मीठ?"

"बरोबर."

"खरं सांग."

"खरंच बरोबर आहे. पण मिरची जास्त पडलीय. जीभ भाजली माझी."

तिचे डोळे भरून आले.

"माझा नवरा जन्मभर हेच म्हणायचा," ती म्हणाली, आणि तिनं ताटात हात घातला.