नेस्ताबाईंचं बाक आणि बाप्टिस्टाचा टब

गावात बोलवा अशी, की जुन्या सोअर चॅपलमध्ये निघालेल्या घरांपैकी सहा नंबरात राहणाऱ्या मिस्टर पॅरींना शेजारच्या नेस्ताबाई प्रोथरोंनी भजनं म्हणून म्हणून त्यांच्याच बाथरूममधून हुसकावून लावलं. पोस्टातली बाई तर हातवाऱ्यांसकट सांगते, "अंगाला साबण तसाच, अन् बिचारा टॉवेलवर जिन्यात!"

साफ खोटं. मिस्टर पॅरींनी दार स्वतःच्या हातानं उघडलं. अंगात कोट होता, गळ्यात टायसुद्धा होता.

नेस्ताबाई शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं डाव घेऊन उभ्या होत्या. आजही त्यांनी नुसतं "काय गं?" म्हटलं की समोरचा माणूस नकळत ताट पुढं करतो. पण त्यांचा जीव सगळा सोअरमध्ये. त्यांच्या पणजोबांनी आणि इतर खाणकामगारांनी पाळी सुटल्यावर, उन्हाळ्यातल्या लांबलचक संध्याकाळी हे चॅपल उभं केलं होतं. सहाशे माणसांची बाकं, तिन्ही बाजूंनी घोड्याच्या नालेसारखी वळलेली गॅलरी, बिडाचे खांब, छताच्या मधोमध गाडीच्या चाकाएवढं प्लास्टरचं फूल. आणि गॅलरीच्या कठड्यावर एक घड्याळ, तोंड पाळकाकडे. बुवांनी वेळेवर आटपावं म्हणून.

शेवटी शेवटी येणारे उरले अकरा. पण जागा घराण्याच्या. त्या कशा सोडायच्या? दोघं घड्याळाखाली, तिघं दाराशी, चौघं खांबांआड, एक म्हातारा पार कोपऱ्यात, नेस्ताबाई वर. नवा पाळक म्हणाला, "जरा पुढं येऊन जवळजवळ बसूया का?" अकराही जणांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्यानं परक्या बिछान्यात शिरायला सांगितलंय. वर्षभर तो मान गरगर फिरवत बोलला आणि मानेला पट्टा बांधून बदली घेऊन गेला.

नेस्ताबाईंची जागा वर, डावीकडे, तिसऱ्या बाकावर, खिडकीशी. काचेत हवेचा एक बुडबुडा अडकलेला. त्यातून पाहिलं की डोंगर उलटा दिसायचा. आजी तिथंच बसली, आई तिथंच बसली. लांबलेल्या प्रवचनात तिघींनाही त्या उलट्या डोंगरानं तारलं.

मग चॅपल विकलं गेलं. आत आठ घरं निघणार, असं कळल्यावर नेस्ताबाईंनी नकाशावर बोट टेकवलं. "वर, डावीकडे, पाच नंबर. हेच." राहतं घर त्यांनी विकूनच टाकलं.

पहिल्या दिवशी खिडकीशी गेल्या तर बुडबुडा नाही, डोंगर नाही. समोर मासे तळणाऱ्या दुकानाचा मागचा बोळ! नकाशा काढणारा पाळकाच्या चौथऱ्यावरून बघत होता. चॅपलमध्ये बाकांकडे तोंड करून उभा राहतो तो फक्त पाळक. नेस्ताबाई जन्मात कधी तिथं उभ्या राहिल्या नव्हत्या. त्यांचं डावं ते त्याचं उजवं.

समोरच्या सहा नंबराचं दार सामान चढवण्यासाठी उघडं होतं. आत खिडकी, खिडकीत बुडबुडा, आणि खिडकीखाली बरोब्बर तिसऱ्या बाकाच्या जागी पांढराशुभ्र टब. मालक मिस्टर पॅरी, निवृत्त बसड्रायव्हर. जन्माचे बाप्टिस्ट, म्हणजे मोठ्या माणसांना पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देणाऱ्या पंथाचे. नेस्ताबाईंनी त्या टबात बसायची परवानगी मागितली.

"मिसेस प्रोथरो, तुमच्याकडे टब नाही का?"

"आहे. पण तो माझ्या जागेवर नाही. रविवारी दहा वाजता तासभर बसेन, पाणी नको."

"रविवारी दहा म्हणजे माझी आंघोळीची वेळ."

"बाप्टिस्ट ते बाप्टिस्टच! जन्मभर धडधाकट माणसं पाण्यात बुडवलीत, तेवढ्यानं भागलं नाही म्हणून आता आमच्या बाकावर भिजताय?"

दार लागलं. धाडकन.

हे सगळं जिन्यातून ऐकणारी, दोन नंबरात राहणारी, गावभर सगळ्यांच्या नकला करणारी प्रस्तुत लेखिका मध्ये तोंड घालून बसली. "आन्टी नेस्ता, ख्रिसमसपर्यंत उघडत नाहीत ते."

"तीन रविवार, पोरी. लाव पैज."

"लावली! हरले तर महिनाभर तुमची नक्कल बंद."

"आणि पॅरीचीही."

"दोघांची?"

"मग राहू दे. भित्री."

लावली.

आता, छताच्या नक्षीला हात लावायला सरकारी बंदी होती. म्हणून दोन घरांमधली भिंत वर टेकलेलीच नाही. चार बोटं फट ठेवून तीत लोकर कोंबलीय. प्लास्टरचं अर्धं फूल नेस्ताबाईंकडे, अर्धं पॅरींकडे. पहिल्या रविवारी दहाच्या ठोक्याला नेस्ताबाईंनी त्या फटीखाली खुर्ची ओढली आणि सूर लावला. मुख्य चाल नव्हे, नुसता बायकांचा खालचा साथीचा सूर. चार आवाजांच्या भजनात तो एकटाच ऐकणं म्हणजे नुसती फोडणी खाणं. पलीकडे नळ सोडल्याचा आवाज आला. दुसऱ्या भजनाला नळ बंद झाला. तिसऱ्याला कोणीतरी जोरात खाकरलं.

सोमवारी पॅरी जिन्यात अडवून म्हणाले, "दुसऱ्या कडव्यात तुम्ही पळता, मिसेस प्रोथरो."

"धरायला खाली कोणी नाही, तर काय करू?"

चाळीस वर्षं बाप्टिस्टांच्या चॅपलमध्ये सर्वांत खालचा आवाज लावलेला माणूस! आठवडाभर त्याला घास गोड लागला नसणार. दुसऱ्या रविवारी नेस्ताबाईंनी पहिली ओळ उचलली आणि फटीतून रिकामी बस चढावर चढावी तसा तो आवाज आला. दुसरं कडवं संपल्यावर थांबला, मग जिन्यात पावलं, आणि टकटक. दारात कोट, टाय.

"या. टब कोरडा पुसलाय. उशी ठेवलीय."

नेस्ताबाई आधीच टोपी घालून बसल्या होत्या. टबात उतरल्या, पाय लांब केले, बुडबुड्याला डोळा लावला. डोंगर उलटाच होता.

"एक सांगून ठेवतो," बाहेरच्या खोलीतून पॅरी म्हणाले, "मी बाप्टिस्टच राहणार."

"राहा की. फक्त नळाला हात लावू नका. तिसरं कडवं."

पैज हरलेली लेखिका जिन्यात कान लावून उभी होती, तोंड मिटून. अजून बावीस दिवस मिटूनच ठेवायचंय. लिहिण्याबद्दल मात्र पैजेत काही ठरलं नव्हतं.