अबोल्यावरची डॉक्टरेट

खडूची धूळ आणि किस्से, या दोन गोष्टी स्टाफरूममध्ये कोणी मुद्दाम आणत नाही, तरी साचतात. सत्तरच्या दशकात मी सोलापूरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायचो. तिथं साचलेल्या किश्श्यांपैकी निम्मे एकट्या बिराजदारचे. बाकीच्यांनी नुसती नोकरी केली!

गुरुनाथ बिराजदार समाजशास्त्राचा. गाव अक्कलकोटच्या अलीकडचं, घरी शेती. स्कॉलरशिप मिळवून हा गडी थेट फ्रान्सला गेला आणि डॉक्टरेट घेऊन परत आला. मधल्या काळात काय काय झालं ते त्यानं आम्हाला हप्त्याहप्त्यानं सांगितलं, बहुतेक वेळा आमचा तास बुडवून.

*

जायच्या आधी त्यानं वडिलांना, म्हणजे अप्पांना, ते विद्यापीठ समजावून सांगितलं. सरकारी विद्यापीठ. भाषा, इतिहास, समाजशास्त्र, मानसशास्त्र, असलेच विषय.

“मोटारी बनवायला शिकवत न्हाईत?”

“नाही अप्पा.”

“औषधं?”

“तीही नाहीत.”

“मग सरकार त्यास्नी पोसतंय कशाला?”

“माणसं एकमेकांशी कशी वागतात, त्याचा अभ्यास करतात तिथं.”

“त्यो तर आपल्या पारावर रोज चालतोय की!”

“पारावर कोणी लिहून ठेवत नाही ना.”

अप्पांनी जरा विचार केला. “न्हाईत ठेवत, त्येच बरं हाय.”

*

पहिल्या दिवशी बिराजदार नव्या टेरिलिनच्या सुटात विद्यापीठात गेला, तर गेटवर टेबल-खुर्च्यांचा ढीग. संप! पोरं ढिगावर बसून सिगारेटी ओढत होती. हा बिचारा ‘ऑफिस कुठं आहे’ असं पुस्तकी फ्रेंचमध्ये विचारायला गेला, तर एका मुलीनं बाकाचं एक टोक त्याच्या हातात दिलं. आलेल्या पाहुण्यानं हातभार लावावा एवढं त्याला घरचं वळण होतंच. त्यानं बाक उचलला आणि ढिगावर नीट रचला.

संध्याकाळी त्यानं घरी पत्र टाकलं. पहिला दिवस चांगला गेला, बाक हलवले.

अप्पांनी गावात सांगितलं, “पोरगं चिकटलं. फर्निचर खात्यात हाय.”

*

त्याच्या गाईड एक वयस्कर बाई होत्या. सगळे त्यांना मादाम म्हणायचे. बिराजदारनं त्यांच्यापुढं ‘औद्योगिकीकरण आणि समाज’ असा भारदस्त विषय ठेवला. मादामनी जांभई दिली आणि विचारलं, “तुझ्या घरी संध्याकाळी काय चालतं?”

काय चालणार? अप्पांचा आणि त्यांच्या धाकट्या भावाचा, म्हणजे काकांचा, अबोला होता. बिराजदार शाळेत असल्यापासूनचा. घरं शेजारी, मधे छातीएवढी भिंत. अप्पांना काही कळवायचं झालं की ते भिंतीशी उभं राहून म्हशीला सांगायचे, “चंद्रे, उद्या वीज न्हाई म्हनं. आजच पानी धर म्हनावं.” पलीकडून काका त्यांच्या बैलाला म्हणायचे, “ऐकलं रं ऐकलं.”

मादामनी सिगारेट विझवली. औद्योगिकीकरणाचं काय झालं कोण जाणे, बिराजदारला अबोल्यावर डॉक्टरेट करायची आज्ञा झाली.

*

मग माहिती गोळा करायला तो ऐन मे महिन्यात गावी आला. तेव्हा चंद्री म्हातारी होऊन नुकतीच गेली होती, आणि दोन्ही घरांचा कारभार ठप्प! काकांच्या विहिरीवर काय चाललंय ते अप्पांना विचारता येईना, अप्पांच्या घरी कोण पाहुणे आलेत ते काकांना कळेना.

शेवटी अप्पा मोहोळच्या बाजारात गेले. बिराजदार वही घेऊन मागोमाग. व्यापारी एकेका म्हशीचं दूध सांगत होता, कितवं वेत ते सांगत होता. अप्पांचं लक्षच नाही.

“दूध जरा कमी असंना,” ते म्हणाले, “ऐकून घेनारी पायजे.”

नव्या म्हशीचं नावही चंद्रीच ठेवलं. नाहीतर काकांचा घोटाळा झाला असता.

*

तर या सगळ्याचा जाडजूड प्रबंध झाला. त्याचा निष्कर्ष असा: अबोला माणसाबरोबरच संपतो. दोघं हयात असताना तो मोडत नाही. मादामचा नियम कडक होता. एक जरी उदाहरण उलटं निघालं, तरी निष्कर्ष बाद. बिराजदारनं पंचक्रोशी पालथी घातली. उलटं उदाहरण सापडलं नाही. मादाम खूश झाल्या. बिराजदार झाला नाही, असं एकदा चहा पिताना तो मला म्हणाला. “मला सापडायला हवं होतं रे,” एवढंच. मग कपातलं उरलेलं पिऊन तो तासावर गेला.

*

आमच्या कॉलेजात आल्यावर पहिल्याच मीटिंगमध्ये प्रिन्सिपॉलसाहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, “कुणाची हरकत?”

बिराजदारनं हात वर केला. म्हणाला, माझी आहे, आणि तीन मुद्दे आहेत.

सगळी स्टाफरूम त्याच्याकडं वळून बघायला लागली. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“बिराजदार,” ते शांतपणे म्हणाले, “हरकत विचारायची पद्धत आहे. घ्यायची नाही.”

*

आणि याच साहेबांच्या हातात त्याची नोकरी होती. वर्ष संपत आलं तेव्हा त्याला कायम करायचा प्रश्न निघाला. संस्थेचं म्हणणं, ही फ्रान्सची पदवी खरी कशावरून? प्रबंध तपासा. तो होता फ्रेंचमध्ये! साहेबांनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळला. मधे एका पानावर दोन घरं, भिंत आणि जनावर असा नकाशा होता. तिथं ते थांबले.

“म्हैस कळली,” ते म्हणाले. “बाकीचं काय आहे?”

बिराजदार सांगायला लागला की तिकडं प्रबंधाची परीक्षा उघड्यावर होते. कोणीही यावं, बसावं, प्रश्न ऐकावेत. शेवटी घरच्यांनी सगळ्यांना खाऊपिऊ घालायचं.

शेवटचा भाग साहेबांना फार पटला. “मग इथं परत द्या परीक्षा. मराठीतून. पटलं तर कायम करतो. नाही पटलं तर जूनपासून दुसरा माणूस.”

बिराजदारचं तोंड उतरलं. घरात बायको, तान्हं पोर, आणि फ्रान्सची पदवी म्हणजे सोलापुरात लोकरी कोट, काय उपयोग! मला खरंच त्याची काळजी वाटली.

*

परीक्षेच्या दिवशी हॉल भरला. विद्यार्थी, आम्ही, संस्थेची माणसं. अप्पा कडक भाकरी आणि शेंगाचटणीची टोपली घेऊन पहिल्या रांगेत डावीकडं बसले. थोड्या वेळानं काकाही आले. ‘पुस्तकात माजी भिंत हाय म्हनं’ असं त्यांच्या कानावर गेलं होतं. दोघं एकाच एसटीनं आले होते. एक पुढच्या बाकावर, एक मागच्या. हॉलमध्ये काका उजव्या टोकाला बसले.

बिराजदारनं फळ्यावर दोन घरं काढली, अ आणि ब. नाव कुणाचंच नाही. तो छान बोलत होता. साहेबही माना डोलवत होते. भांडणाच्या कारणापर्यंत गाडी आली. “घर ब मधल्या गृहस्थांनी न विचारता सामाईक कडुलिंब तोडला...”

काका उभे राहिले. “साहेब, ह्ये चूक हाय. इचारलं हुतं.”

डावीकडून अप्पा उठले. तेही साहेबांनाच म्हणाले, “साहेब, मी दुपारचा झोपलो हुतो. झोपलेल्या मानसाला इचारलं म्हंजे इचारलं का?”

“साहेब, त्यो हं म्हनला.”

“साहेब, मी घोरत हुतो!”

साहेब एकदा इकडं बघत होते, एकदा तिकडं. आजवर चंद्रीनं जे काम केलं, ते आता साहेबांवर आलं होतं.

“आन् घोरताना हं म्हनायची सवय तुजी ल्हानपनापासनं हाय, अण्णा!” काका थेट थोरल्या भावाकडं बघून ओरडले.

“मग हलवून जागं करायचं न्हाई का रं मला, मल्ल्या? येका लिंबापायी...”

अप्पा थांबले. काकाही थांबले. दोघांनाही तोवर कळलं नव्हतं. आम्हालाही नाही. बिराजदारला आधी कळलं. त्याच्या हातातला खडू खाली पडला आणि भर हॉलमध्ये तो रडायला लागला. मीही रुमाल काढला, आता सांगायला काय लाजायचं.

साहेबांनी त्याला पाणी दिलं. मग चष्मा पुसला.

“बिराजदार, हा अबोला आत्ता मोडला ना?”

“मोडला सर.”

“दोघं हयात आहेत?”

“आहेत सर.”

“आणि तुमच्या मादामचा नियम?”

“एक उदाहरण उलटं निघालं की निष्कर्ष बाद.” त्यानं डोळे पुसले. “बाद झाला सर.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “मग मी कायम कसं करू?”

अप्पा काकांपाशी गेले. दोघं बारीक आवाजात कन्नडमध्ये काहीतरी बोलले. मग अप्पा टेबलापुढं आले.

“साहेब, पोराची नोकरी जात आसंल, तर आमी परत बोलायचं बंद करतो. काय रं, मल्ल्या?”

“व्हय की, अण्णा,” काका म्हणाले. “सवय हाय आमाला.”