कानाशी धरलेला पदर

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कळत नाही, हे आधीच सांगते. चौथीनंतर शाळा सुटली. त्यानंतर सही सोडली तर लिहिण्याची वेळ फारशी आली नाही. हे कुणाच्या हाती पडलंच तर चुका पोटात घालाव्यात. ती असती तर तिनं घातल्या नसत्या. "कोंबडी नाचल्यागत लिवलीस की गं," म्हणाली असती. तिला तेलुगू सोडून काही वाचता येत नव्हतं, तरी म्हणाली असती.

ती म्हणजे भवानी पेठेत आमच्या बोळात, माझ्या दारासमोर राहणारी बाई. सगळे तिला अक्का म्हणत. मी काहीच म्हणत नसे. तुमच्याही गल्लीत अशी एक बाई असेल, जिचं दार उघडं दिसलं की आपण पिशवी दुसऱ्या हातात घेऊन भिंतीच्या कडेनं जातो.

तिची एक सवय होती. कुणी जुनी साडी आणली की ती बघायची नाही. पदर दोन्ही मुठीत धरून कानाशी न्यायची आणि हलकाच ताण द्यायची. डोळे मिटून ऐकायची. जुनं रेशीम मेलं असेल तर आतल्या आत करकर वाजतं म्हणे. मग डोळे उघडून सांगायची, "गेलंय हे. पेटीत घालून मारलीस." नाहीतर, "हाय जीव. ठेव." तिसरं काही नाही.

तरुणपणापासून ती यंत्रमागाच्या कारखान्यात होती. काम सुटल्यावर घरी बसून शिवायला लागली. आई, आजी, सासूच्या साड्यांतून कुंच्या, दुपटी, गोधड्या. लोक लांबून यायचे, शिव्या खायचे आणि तरी साडी ठेवून जायचे. उरलेली चिंधी न चिंधी ती गाठोडं बांधून परत द्यायची, कातरलेला दोरासुद्धा. पैसे मात्र आधी आणि सगळे. "घेतलेला पैसा परत न्हाय," हे ती देवाचं नाव घ्यावं तसं म्हणायची.

एकदा चारचाकीतून एक बाई आली. आईच्या साडीचा तुकडा काचेच्या चौकटीत बसवून हवा होता तिला, दिवाणखान्यात लावायला.

"आईला भिंतीवर टांगतीस काय?" ही म्हणाली.

"आठवण म्हणून हो, अक्का."

"आटवण येती तर अंगावर घे. थंडी वाजती का न्हाय तुला?"

ती बाई रडत गेली. आठ दिवसांनी दुपटं शिवायला टाकून गेली. बोळातल्या बायका हसल्या. मला हसू आलं नाही. उद्या ही जीभ माझ्याकडे वळेल, एवढंच मनात आलं.

तशी ती रोजच वळायची. मला ती नावानं कधी बोलावत नसे. माझं माहेर मैंदर्गीचं, म्हणून मी मैंदर्गी. नळावर म्हणायची, "ए मैंदर्गी, सरक. घागर भरतीस का इहीर?" मी काही उत्तर दिलं की हात झटकायची. "तोंडातल्या तोंडात काय बोलतीस? चोरी केलीस काय?" माझा आवाज मुळातच बारीक. शाळेतही बाई मला दोनदा विचारायच्या. पण बाई हसून विचारायच्या.

आई गेली तेव्हा भावानं घरातलं सगळं ठेवून घेतलं आणि मला तिची इरकल दिली. काळी साडी, लाल रेशमी पदर. माझ्या लग्नात आई तीच नेसली होती. मी ती पेटीत डांबराच्या गोळ्या घालून ठेवली. आईचं तेवढंच माझ्याकडे. पुढे लेक बाळंतपणाला आली, मुलगी झाली, आणि लेक म्हणाली, "आई, बारशाला आजीच्या पदराची कुंची घालू या."

मला त्या दारात जायचं नव्हतं. गेले.

तिनं पदर कानाशी धरला, ताणला, पुन्हा ताणला. "हाय जीव," ती म्हणाली. "नातीची नात घालंल. पैसे आण." मी घरी कडक भाकऱ्या करून विकते, त्यातले साठवलेले पंधराशे रुपये तिच्या हातावर ठेवले.

बारशाच्या आदल्या दिवशी गेले. "उद्या ये." सकाळी गेले तर दाराला कडी. बाळाला बाजारातली सॅटीनची कुंची घातली. लेकीनं खाली मान घालून नाड्या बांधल्या. ती मला चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं.

पुढे महिनोन् महिने हेच. "उद्या ये." "हात दुखतोय." "तुज्या आईची साडी तू पेटीत किती वर्सं ठिवलीस? माज्याकडं चार दिस राहू दे की." मी म्हणाले, साडी दे नाहीतर पैसे दे. तिनं हात झटकला. "काय पुटपुटतीस?"

त्या दिवशी माझं काय झालं मला कळत नाही. बोळात मधोमध उभी राहून मी ओरडले, "आईची साडी विकून खाल्लीस तू." बायका दारात आल्या. माझा एवढा आवाज मीच कधी ऐकला नव्हता. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, नुसत्या ओठांकडे. मग म्हणाली, "वरडाय येतंय की मैंदर्गीला." आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर वर्षभर आमचा उभा दावा. ती माझ्याकडची भाकरी घेईना, लांबच्या दुकानातून आणायची आणि माझ्या दारावरून पिशवी हलवत न्यायची. मी अंगण झाडताना कचरा तिच्या उंबऱ्याच्या दिशेनं लोटायची. ती घराबाहेर पडली नाही की मला बरं वाटायचं. खोटं कशाला लिहू, रोज सकाळी मी आधी तिचं दार बघायची, भांडण अजून तिथं आहे ना म्हणून.

मग भिवंडीहून तिचा मुलगा आला, तिला कायमची घेऊन जायला. सामान रिक्षात चढत होतं. मी आत भाकऱ्या थापत होते. उंबऱ्यात सावली आली. ती पहिल्यांदाच माझ्या घरात आली होती. हातात गाठोडं.

तिनं ते माझ्यासमोर सोडलं. काळ्या साडीची घडी, आणि वर अर्धी झालेली कुंची. लाल पदर टाक्याच्या कडेनं फाटला होता. तिनं रफू केलं होतं, रफूच्या कडेनं पुन्हा फाटला होता. परत रफू, परत चीर. टाके इतके बारीक की बोट फिरवल्याशिवाय कळू नयेत. आईचा पदर राहिलाच नव्हता, नुसते टाके राहिले होते. बाजूला चिंध्या, कातरलेले दोरे, सगळे.

ती माझ्यासमोर खाली बसली. कानाला हात लावला. "हे गेलंय," म्हणाली. "मागाच्या खटखटीनं. लई दिस झालं. कुनाला सांगितलं न्हाय." इतक्या हळू तिला बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "तुज्या आईचा पदर वाजला आसंल गं. मला ऐकू आलं न्हाय."

मी काहीतरी बोलले. काय ते आठवत नाही, आणि तिला ऐकूही गेलं नाही. तिनं माझ्या ओठांकडे बघितलं आणि मान हलवली. "त्या दिशी वरडलीस, तेवडं ऐकू आलं," म्हणाली. मग कमरेची पिशवी सोडून नोटा माझ्या पिठाच्या हातात कोंबल्या. "मोज."

"घेतलेला पैसा परत न्हाय," ती म्हणायची. ती तो परत देते आहे, यावरूनच मला कळलं की पदर आता कुणाच्याच हातून नीट व्हायचा नाही.

जाताना दारातून वळून म्हणाली, "पेटीत घालू नको."

मी तिला माफ केलेलं नाही. पण गाठोडं पेटीत ठेवलं नाही. ते बाहेर फळीवर आहे. लेक म्हणते, चिंध्या कशाला ठेवतेस. अधूनमधून मी पदराचा एखादा तुकडा कानाशी धरून ताणते. करकर ऐकू येते. मलाही येते, म्हणजे कुणालाही आली असती.

त्या दिवशी रिक्षा बोळाच्या तोंडाशी अडकली होती. मी हात नेसल्या लुगड्याला पुसले आणि घाईनं नोटा मोजल्या. पुन्हा मोजल्या. एक रुपया जरी कमी निघाला असता, तर मी धावत जाऊन रिक्षा अडवली असती आणि तिला ऐकू जाईल अशी ओरडले असते. पंधराशे पुरे होते.